एनबीए टूकेमध्ये खेळाडूंना ९९ पैकी मार्क कोण आणि कसे देतं?

तारीख २५ जानेवारी २०१५. शिकागोत मायामी हीट विरुद्ध शिकागो बुल्स असा सामना झाला. हीटचा सात फुटी सेंटर हसन व्हाइटसाइड याने त्या दिवशी १४ गुण केले, १३ रीबाउंड घेतले आणि समोरच्यांचे तब्बल १२ शॉट हवेतच अडवले.

सामना संपल्यावर त्याला या खेळीबद्दल विचारण्यात आलं. आता हा गडी देवाचे, आईचे, कोचचे आभार मानणार असं वाटत असतानाच तो म्हणाला की, मी फक्त माझं टूकेमधलं रेटिंग वाढवायचा प्रयत्न करतोय.

लोक हसले, पण त्याचं दुखणं खरं होतं. २०१० च्या ड्राफ्टमध्ये तो ३३ व्या क्रमांकावर निवडला गेला होता, मग एनबीएमधून बाहेर फेकला गेला आणि पोटासाठी लेबनॉन आणि चीनमध्ये खेळून आला होता. त्या वर्षीच्या व्हिडिओ गेममध्ये त्याला मार्क होते ५९. म्हणजे गेम खेळणारं एखादं पोरगंसुद्धा त्याला संघात घेणार नाही, इतके.

पुढे गेममध्ये त्याचे मार्क वाढले. २०१६ मध्ये हीटने त्याच्याशी चार वर्षांसाठी ९ कोटी ८० लाख डॉलरचा करारही केला. करार काही गेममुळे झाला नाही. पण कोट्यवधी कमावणाऱ्या खेळाडूच्या डोक्यात गेममधला एक आकडा घर करून बसतो, म्हणजे त्या आकड्यात काहीतरी आहे. तो आकडा नेमका येतो कुठून?

गेम कोणता, मार्क कसले?

पहिला 'एनबीए टूके' १९९९ साली सेगा ड्रीमकास्टवर आला. बनवणारी कंपनी व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स, मुखपृष्ठावर ॲलन आयव्हरसन. २००५ मध्ये ही कंपनी टेक-टूने विकत घेतली, 'टूके' हा ब्रँड उभा राहिला आणि तेव्हापासून दरवर्षी गेमची नवी आवृत्ती येते. एनबीएमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाकडे साधारण १५ पक्के खेळाडू. म्हणजे साडेचारशे खेळाडूंचं प्रगतिपुस्तक दरवर्षी नव्याने लिहायचं. 'टूके ट्वेंटी'पासून त्यात महिलांच्या डब्ल्यूएनबीएचीही भर पडली.

आपल्याकडे एनबीएचे सामने बहुतेक वेळा पहाटे किंवा सकाळी असतात, शाळा-कॉलेज आणि ऑफिसच्या घाईत. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच पोरांना एनबीएचे खेळाडू सामन्यांपेक्षा आधी या गेममधूनच माहीत झालेले असतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ दोन सामने खेळून गेले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचेच.

गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक मोठा आकडा दिसतो, त्याला 'ओव्हरऑल' म्हणतात. भांडणं होतात ती याच आकड्यावरून. पण त्याच्या पोटात तीसेक छोटे आकडे असतात. जवळून मारलेला शॉट, मधल्या अंतरावरचा शॉट, थ्री पॉइंटर, फ्री थ्रो, डंक, पास किती अचूक, चेंडूवर हात किती पक्का, रीबाउंड, ब्लॉक, स्टील, वेग, ताकद, उडी, दम असं बरंच काही. प्रत्येकाला २५ ते ९९ च्या दरम्यान मार्क.

लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड खेळलेल्यांना हे लगेच समजेल. फरक इतकाच की तिथे उंची, वजन आणि छाती छापली की काम भागायचं. इथे छापलेल्या आकड्यांवर खेळाडू पडद्यावर पळतो. आकडा चुकला तर खेळच खोटा वाटतो.

ओव्हरऑल म्हणजे सरासरी नव्हे

हा सगळ्यात मोठा गैरसमज. निकोला योकिचचं उदाहरण घ्या. डेन्व्हर नगेट्सचा हा सर्बियन सेंटर २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा निवडला गेला. त्याचं नाव पुकारलं जात असताना टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती, हा किस्सा प्रसिद्ध आहे. त्याची उडी बेताची, पळणं त्याहून बेताचं. तरीही तो २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि 'टूके ट्वेंटीफोर'मध्ये ९८ मार्कांसह सगळ्यांच्या वर होता.

सरळ सरासरी काढली असती तर उडी आणि वेग यांनी त्याला खाली ओढलं असतं. म्हणून प्रत्येक गुणाला खेळाडूच्या जागेप्रमाणे वेगळं वजन दिलं जातं. सेंटरला रीबाउंड आणि बास्केटजवळचा बचाव महत्त्वाचा, तर पॉइंट गार्डला पास आणि ड्रिबल. दहावीला चित्रकलेत कमी मार्क पडले म्हणून कुणी इंजिनिअरिंगची सीट नाकारत नाही, तसंच.

पण हे वजन ठरवणं म्हणजे कोणता खेळ मोलाचा हे ठरवणं. तिथेच डेनिस रॉडमनसारख्या माणसांची पंचाईत होते. १९९२ ते १९९८ अशी सलग सात वर्षं रीबाउंडमध्ये तो लीगमध्ये पहिला होता, आणि उंची फक्त ६ फूट ७ इंच. मात्र कारकिर्दीत सामन्यामागे गुण जेमतेम सात. शूटिंगला जास्त वजन देणाऱ्या कुठल्याही सूत्रात रॉडमन सामान्य दिसणार. प्रत्यक्षात त्याच्या नावावर पाच विजेतेपदं आहेत.

सोपे मार्क आणि फसवे मार्क

सगळ्यात सोपं काम फ्री थ्रोचं. समोर कुणी नाही, अंतर ठरलेलं, दरवेळी तोच शॉट. शकील ओनीलने कारकिर्दीत ५२.७ टक्के फ्री थ्रो टाकले. टक्केवारी बघायची आणि मार्क लिहून मोकळं व्हायचं. यात कुणाचा वशिला चालत नाही.

थ्री पॉइंटर मात्र फसवा. समजा, एखादा खेळाडू मुळात ३५ टक्क्यांचा शूटर आहे. त्याने एका सीझनमध्ये १०० थ्री पॉइंटर मारले, तर ३५ पडायला हवेत. पण नशिबाचा खेळ धरला तर त्याचे ३० ते ४० च्या मध्ये कितीही पडू शकतात, आणि यात काहीच नवल नाही. साधारण चारातून एकदा तर तो या पट्ट्याच्याही बाहेर जाईल.

आता गंमत बघा. एनबीएमध्ये थ्री पॉइंटरची सरासरी ३६ टक्क्यांच्या आसपास असते. ४० टक्के म्हणजे निष्णात नेमबाज आणि ३० टक्के म्हणजे ज्याला बचावपटू मोकळा सोडून देतात तो. म्हणजे माणूस तोच, हात तोच, आणि केवळ नशिबावर एका वर्षी त्याला ८५ मार्क पडतील आणि पुढच्या वर्षी ७०.

यावर उपाय आहे आणि तो आकडेशास्त्रात जुना आहे. कमी शॉट मारलेल्या खेळाडूच्या हिशोबात लीगच्या सरासरीचे काही काल्पनिक शॉट मिसळायचे. समजा, नवख्याने २० पैकी ९ मारले, म्हणजे ४५ टक्के. त्यात ३६ टक्क्यांचे १०० शॉट मिसळले की १२० पैकी ४५ होतात, म्हणजे साडेसदतीस टक्के. आता आकडा माणसात आला. पुढे त्याने पाचशे शॉट मारले की हे मिसळलेले शंभर आपोआप फिके पडतात.

पण हाही उपाय डोळे मिटून वापरता येत नाही. शकील ओनीलने एकोणीस सीझनमध्ये मिळून २२ थ्री पॉइंटर मारले आणि त्यातला एक पडला. त्याच्या हिशोबात शंभर सरासरी शॉट मिसळले तर तो बरा शूटर ठरेल! शॉट मारलेच नाहीत, हीदेखील माहितीच असते. ज्याला कोच मारू देत नाही आणि जो स्वतः मारत नाही, त्याला बहुधा ते जमत नसतं. त्यामुळे मिसळायची सरासरी त्याच्यासारख्याच खेळाडूंची हवी.

कॉलेजमधून आलेल्या नवख्यांसाठी जाणकार आणखी एक खूण बघतात, ती म्हणजे फ्री थ्रो. कॉलेजमध्ये थ्री पॉइंटर थोडेच मारलेले असतात, पण फ्री थ्रोची टक्केवारी चांगली असेल तर हात चांगला आहे असं धरायला हरकत नसते.

बचावाला मार्क कसे द्यायचे?

खरी डोकेदुखी इथे आहे. स्टील आणि ब्लॉक मोजता येतात, पण तो बचावाचा फार छोटा भाग झाला. एखादा बचावपटू समोरच्याला त्याच्या नावडत्या जागेवर ढकलतो आणि समोरचा वैतागून चेंडू दुसऱ्याकडे देतो. हे कुठल्याच रकान्यात लिहिलं जात नाही. उलट जो प्रत्येक चेंडूवर झडप घालतो त्याला स्टील जास्त मिळतात, पण झडप चुकली की त्याच्यामागे सगळं मैदान मोकळं असतं.

शेन बॅटिए हा याचा गाजलेला नमुना. २००९ साली लेखक मायकेल लुइस यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिकात त्याच्यावर मोठा लेख लिहिला. साध्या आकड्यांत बॅटिए कुणीच नव्हता. पण तो मैदानात असला की त्याचे सहकारी चांगले खेळायचे आणि प्रतिस्पर्धी वाईट. ह्यूस्टन रॉकेट्सला हे कळलं होतं म्हणून ते त्याला जपत होते.

अशा माणसाला बचावाचे ९० मार्क द्यायचे तर पुरावा काय? तो मैदानात असताना आणि नसताना संघाचं काय झालं, हा हिशोब एक आधार देतो. पण त्यात सोबतच्या चार जणांचं कर्तृत्व आणि अपयशही मिसळलेलं असतं. २०१३-१४ पासून एनबीएच्या सगळ्या मैदानांवर खेळाडूंची हालचाल टिपणारे कॅमेरे आहेत. त्यामुळे वेग, धावलेलं अंतर, कुणी कुणाला अडवलं हे आता बरंच कळतं. तरीसुद्धा बचावाच्या मार्कांत शेवटी सामने बघणाऱ्या माणसाचा डोळा लागतो. आणि माणूस आला की नाव, प्रसिद्धी, जुनी पुण्याई हेही आलं. तिशी ओलांडलेल्या नावाजलेल्या बचावपटूचे मार्क उतरायला वेळ लागतो तो यामुळेच.

येतं किती आणि करतो किती

गेमच्या बाहेरच्यांना सहसा न दिसणारी एक गोष्ट आहे, आणि खरा कस तिथेच लागतो. कौशल्याचे मार्क वेगळे आणि सवयीचे मार्क वेगळे. सवयींच्या या आकड्यांना गेममध्ये 'टेंडन्सी' म्हणतात. खेळाडू किती वेळा शॉट घेतो, डावीकडून घुसतो की उजवीकडून, पास आधी देतो की थांबून बघतो, हे सगळं त्यात येतं.

समजा एखादा धिप्पाड सेंटर सामन्यात एखादाच, तोही अगदी मोकळा थ्री पॉइंटर मारतो आणि त्यातले ४० टक्के पडतात. कौशल्याचे मार्क बरोबर दिले आणि सवयीचा आकडा चुकला, तर कम्प्युटरच्या हातात तो सामन्यात आठ थ्री मारायला लागतो आणि रातोरात लीगचा हिरो होतो. मोकळ्या शॉटवरचे ४० टक्के अंगावर माणूस असताना टिकत नाहीत, हे सूत्राला सांगावं लागतं.

याच कारणाने पाच तारे एका संघात भरले की गेमची परीक्षा होते. प्रत्येकाला सामन्यात २५ गुण करायची सवय असते आणि चेंडू असतो एकच. चांगल्या गेममध्ये त्यांचे आकडे आपोआप खाली यायला हवेत.

आणि कधी कधी सगळ्या व्यवस्थेलाच धक्का देणारा खेळाडू येतो. २०१५-१६ मध्ये स्टीफन करीने ४०२ थ्री पॉइंटर टाकले, तेही ४५.४ टक्क्यांनी. आधीचा विक्रम २८६ चा होता आणि तोही त्याचाच. अडचण अशी की, ड्रिबल करता करता, अंगावर माणूस असताना, लांबून मारलेला शॉट हा गेमच्या नियमानुसार वाईट शॉट. असा शॉट मारला की चेंडू पडण्याची शक्यता कमी व्हायची, नाहीतर घरी बसून खेळणारा प्रत्येकजण अर्ध्या मैदानातूनच मारत बसेल. करी नेमका तोच शॉट रोज मारत होता आणि तो पडतही होता. गेमच्या गेमप्ले विभागाचे प्रमुख माइक वांग यांनी तेव्हा उघडच मान्य केलं होतं की, हा माणूस आमचे नियम मोडतो. करीला खऱ्यासारखा बनवला तर गेम बिघडतो आणि गेम सांभाळला तर करी खोटा होतो.

९९ सहसा का मिळत नाहीत?

मार्कांची पट्टी कागदावर लांबलचक आहे, पण ओव्हरऑल बघितलं तर सगळी गर्दी सत्तरीच्या आसपास. बाकावर बसणारा खेळाडूही सत्तरच्या घरात असतो. एका अर्थाने ते बरोबर आहे, कारण एनबीएमधला शेवटचा माणूसही जगातल्या सर्वोत्तम काहीशे जणांतला असतो. पण त्यामुळे ७६ आणि ७९ यांत फरक काय, हे सांगणं अवघड होतं आणि एकेका मार्कासाठी जीव खालीवर होतो.

वरच्या टोकाला वेगळी कंजुषी. 'टूके नाइन्टीन'मध्ये लेब्रॉन जेम्सला ९८ होते, 'टूके ट्वेंटी'मध्ये त्याला आणि कवाय लेनर्डला ९७, आणि 'टूके ट्वेंटीटू'मध्ये लेब्रॉन, केव्हिन ड्युरांट, यानिस आणि करी असे चौघे ९६ वर बसवले. त्यावर ड्युरांटने ट्विटरवर कंपनीच्या रॉनी सिंग यांना जाहीर जाब विचारला की, मार्क मोजायची तुमची पद्धत बदला, हे खातं कोण सांभाळतं आणि मला ९९ का नाहीत?

रॉनी सिंग हे कंपनीच्या मार्केटिंगचे माणूस आणि 'रॉनी टूके' या नावाने प्रसिद्ध. मार्क देणारी मंडळी वेगळी, शिव्या खाणारा माणूस वेगळा. मार्क जाहीर होण्याच्या दिवसात सोशल मीडियावर ते आयतेच सापडतात. अर्थात कंपनीला यात तोटा काहीच नाही. मार्कांवरून होणारी भांडणं म्हणजे फुकटची जाहिरात. २०१९ मध्ये तर मार्क जाहीर करण्याचाच लाइव्ह कार्यक्रम ठेवला होता. चौघांना एकसारखे ९६ देण्यात हिशोब किती आणि हुशारी किती, अशी शंका यायला त्यामुळे जागा राहते.

सीझन चालू असताना मार्क बदलत राहतात. व्हाइटसाइडसारख्यांची आशा त्यावरच असते. मात्र इथेही तोच जुना पेच आहे. दोन आठवडे भन्नाट खेळला म्हणून पाच मार्क वाढवायचे, की हे नशीब असेल म्हणून थांबायचं? थांबलात तर चाहते म्हणणार गेम जुनाट आहे, वाढवलेत तर महिन्याभराने कापावे लागणार.

खऱ्या नावांशिवाय

ही सगळी कटकट टाळणारे गेमही आहेत. 'बास्केटबॉल जीएम' हा ब्राउझरमध्ये फुकट चालणारा गेम. त्यात खेळाडू कम्प्युटरने तयार केलेले, चेहरे आणि नावं काल्पनिक. तुम्ही खेळत नाही, संघ चालवता. इथे ओव्हरऑलचं सूत्र उघड आहे. कोणत्या गुणाने सामने जास्त जिंकले जातात, हे आकडेमोडीने तपासून गुणांना वजन दिलेलं आहे आणि त्यात उंचीचा वाटा मोठा आहे. मार्कांतही उधळपट्टी नाही. तिथे सत्तरी ओलांडणारा खेळाडू मोठा तारा समजला जातो. टूकेची सवय असलेला माणूस पहिल्यांदा संघ उघडतो आणि सगळे पन्नाशीत बघून दचकतो.

अशा गेमची पारख करायची पद्धतही सोपी आहे. शेकडो सीझन एकापाठोपाठ चालवायचे आणि बघायचं की गुण, रीबाउंड, जिंकणाऱ्या संघांची घडण हे खऱ्या लीगसारखं दिसतंय का. एखाद्याचा आकडा बघून तो पटतो की नाही, यापेक्षा ही कसोटी जास्त प्रामाणिक. अमेरिकेत कम्प्युटरच्या आधीपासून 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक'सारखे कार्ड आणि फाशांचे खेळ हेच करत आले. १९६१ साली त्यांची सुरुवात बेसबॉलपासून झाली. कार्डावरचे आकडे बरोबर असतील तर सगळा सीझन फाशांवर खेळल्यावर निकाल साधारण खऱ्यासारखे यायला हवेत.

बाकी आकडे ठरवणारा माणूस स्वतः कुणाचा चाहता आहे, याचा सगळ्यात भारी किस्सा १९९३ च्या 'एनबीए जॅम' या आर्केड गेमचा. तो बनवणारे मार्क टर्मेल हे डेट्रॉइट पिस्टन्सचे भक्त आणि त्या काळात पिस्टन्स आणि शिकागो बुल्स यांच्यातून विस्तव जात नव्हता. टर्मेल यांनी गेममध्ये गुपचूप एक कोड घातला. सामना चुरशीचा असेल, समोर पिस्टन्स असतील आणि शेवटच्या क्षणी बुल्सने शॉट मारला, तर तो चुकायची शक्यता वाढायची. स्क्रीनवर बुल्सच्या खेळाडूंचे आकडे चांगले दिसायचे, नाणी टाकून खेळणारी पोरं मशीनला लाथा घालायची आणि टर्मेल यांनी ही गोष्ट कबूल केली ती कितीतरी वर्षांनी.